चौकोन आम्ही कधी पाहिलेच नव्हते

गेल्या काही वर्षांत एक चौकोनी चित्र आपल्या घरांत पुन्हा शिरले आहे. कॉलेजातल्या मुलांच्या टी-शर्टवर ते दिसते, मोबाइलच्या कव्हरवर दिसते, कॉफीच्या मगावर दिसते, आणि हौशी आईबापांनी सांगून करून घेतलेल्या वाढदिवसाच्या केकवरही दिसते. लाल टोपी, जाड मिशी आणि फुगीर पोट असलेला एक बुटका माणूस. पण तो रेघेने काढलेला नसतो, भिंतीवर फरशा बसवाव्यात तसा ठसठशीत चौकोनांनी रचलेला असतो. नवे खेळसुद्धा हल्ली मुद्दाम असे काढतात. जिना दिसावा तशा कडा, मोजके भडक रंग, टुणटुण वाजणारे संगीत. याला 'रेट्रो' म्हणायचे, आणि तिशी-चाळिशीतल्या मंडळींनी ते पाहून 'अरे, आमचे लहानपण!' म्हणत उसासा टाकायचा, असा एकंदर रिवाज पडला आहे.

उसाशाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वेगळ्याच गोष्टीला. ज्याला आपण जुने रूप म्हणून डोक्यावर घेतो आहोत, ते जुने नाहीच. असे कोरीव, धारदार चौकोन तेव्हा आपल्या घरातल्या टीव्हीवर कधी दिसलेच नाहीत. ते यंत्राच्या पोटात होते. पडद्यावर येईपर्यंत त्यांचे दुसरेच काहीतरी झालेले असायचे, आणि ते दुसरेच काहीतरी आपल्या मुलांनी पाहिले होते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. बँकेत 'सत्यप्रत' या शब्दाला वजन असते. मूळ कागद समोर ठेवून, ओळ न् ओळ पडताळून, मगच नकलेवर शिक्का आणि सही. मूळ न पाहता नुसत्या आठवणीवर केलेल्या नकलेला कोणी सत्यप्रत म्हणत नाही, मग ती कितीही सुबक असो. जुन्या खेळांच्या बाबतीत आज नेमके हेच चालले आहे. मूळ कोणीच समोर ठेवत नाही आणि शिक्के मात्र धडाधड पडताहेत.

'खेळण्याचं काय एवढं?' असे कोणी म्हणेल. त्यांना मूकपटांची आठवण करून देते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्या काळातली जगभरची चित्रे पाहताना आपल्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली आहे : त्यातली माणसे तुरुतुरु पळतात. आपले पणजोबा-खापरपणजोबा जणू सदैव घाईतच असावेत! वस्तुस्थिती अशी, की तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रे घेत. बोलपट आल्यावर चोवीस चित्रांचे माप ठरले. जुनी फीत नव्या वेगाने फिरवली की चालणारा माणूस पळू लागतो. माणसे नीट चालत होती, यंत्र बदलले होते, आणि एका अख्ख्या काळाची विनोदी समजूत होऊन बसली. खेळांच्या चौकोनांचे तेच होऊ घातले आहे. फरक इतकाच, की तेव्हा पाहणारी माणसे अजून आपल्यात आहेत, आणि पडताळून पाहायला थोडी यंत्रेही शिल्लक आहेत.

ती यंत्रे आपल्याकडे आली कशी, ते आधी सांगायला हवे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपला 'फॅमिली कॉम्प्युटर' जुलै १९८३ मध्ये बाजारात आणला. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. हे दोन्ही एकमेकांना मध्यमवर्गीय घरात भेटले ते नव्वदच्या दशकात. पण भारतातल्या बहुतेक घरांत मूळ निन्टेन्डो आलाच नाही. आल्या त्या त्याच्या नकला, 'समुराई', 'मीडिया' अशा नावांच्या. दशकाच्या मध्यावर सेगा कंपनीची यंत्रे शॉ वॉलेसमार्फत रीतसर विक्रीला आली, पण त्यांची किंमत सगळ्यांच्या खिशाला मानवणारी नव्हती. सर्वांकडे असायचा तो नकलेचा डबा. मुले त्याला 'टीव्ही गेम' म्हणत. खेळाच्या पेटीला 'कॅसेट' म्हणत आणि हातातल्या बटणांच्या पट्टीला 'रिमोट'. कॅसेटच्या वेष्टनावर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. लावून पाहिले की तेच पाच-सात खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा येत.

आमच्याकडेही बर्डीवरून एक डबा आला. नागपूरचा मे महिना बाहेरगावच्या वाचकांना काय सांगावा! दुपारी अकरानंतर रस्ते ओस, खिडक्यांना वाळ्याचे ताटे, आणि घरातल्या एकुलत्या कूलरसमोर आळीतली सात-आठ मुले मांडी घालून बसलेली. 'काँट्रा'मध्ये कोणाचे किती जीव उरले, यावरून खडाजंगी. खेळ अडला की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, कपाळाला लावायची, पुन्हा खोचायची. गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसायचे, आणि आमच्या जुन्या संचावरचे चित्र चारही बाजूंनी आत आकसायचे. मारिओ बिचारा काळ्या चौकटीत अडकायचा. मुलांचे काही अडत नसे. ती खेळत राहायची.

आता त्या डब्याच्या आत काय चालायचे ते पाहू. त्याचे चित्र आडवे २५६ आणि उभे २४० ठिपक्यांचे. आजच्या साध्या मोबाइलच्या पडद्यात याच्या कितीतरी पट ठिपके असतात. हे ठिपकेही सुटे काढायची मुभा नव्हती. आठ बाय आठ ठिपक्यांचे ठसे करायचे आणि तेच ठसे पुन्हा पुन्हा मांडून डोंगर, विटा, ढग रचायचे. यंत्राला सुमारे पन्नास रंग ठाऊक, पण एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त पंचवीस. हलणाऱ्या एका ठशात रंग तीनच. अशा हलणाऱ्या आकृती एका आडव्या ओळीत आठापेक्षा जास्त आल्या, की नववी दिसतच नसे. मग खेळ लिहिणारे क्षणाक्षणाला पाळी बदलत, म्हणजे आत्ता ही आकृती गाळायची, पुढच्या क्षणी ती. पडद्यावर गर्दी झाली की सगळे लुकलुकायला लागे ते यामुळे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा अख्खा खेळ फक्त चाळीस किलोबाइटचा आहे. आज नातेवाइकांच्या गटावर येणारे 'शुभ प्रभात'चे एक गुलाबाचे चित्र याहून मोठे असते.

हे झाले यंत्राच्या पोटातले. पण ते चित्र पाहायचे कशावर? काचेच्या पिक्चर ट्यूबवर. ट्यूबच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि पडद्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या लेपावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीमागून ओळ फिरतो. झोत जिथे पडेल तिथे लेप उजळतो आणि क्षणात मावळतो. झोताला धार नसते. मध्ये उजळ आणि कडेला मंद, असा त्याचा ठसा पडतो. समईच्या ज्योतीला जशी कडा नसते, तसे. शेजारशेजारचे दोन ठिपके एकमेकांत किंचित मिसळतात. त्यात आपला डबा जोडलेला असायचा अँटेनाच्या भोकात, एकाच तारेने. आवाज, उजेड आणि रंग सगळे त्या एका तारेतून दाटीवाटीने यायचे, आणि वाटेत रंग थोडे पसरायचे. शिवाय दूरदर्शनचे चित्र आधी विषम ओळी आणि मग सम ओळी भरत येते, तर खेळाचे यंत्र प्रत्येक वेळी त्याच त्या ओळी काढायचे. मधल्या जागा रिकाम्या राहायच्या. म्हणून चित्रावर अगदी बारीक आडव्या काळसर रेघांचे जाळे असल्यासारखे वाटे.

आणखी एक गंमत. २५६ बाय २४० म्हणजे जवळजवळ चौरस चित्र, पण टीव्हीची चौकट चारास तीन. चित्र तिच्यात आडवे ताणून बसायचे. म्हणजे प्रत्येक ठिपका उंचीपेक्षा रुंदीला जास्त. ज्या चौकोनाच्या नावाने आज एवढा उत्सव चालला आहे, तो समभुज चौकोन मुळात पडद्यावर नव्हताच. होते ते कडा विरलेले, आडवट, उजेडाचे थेंब.

आणि त्या वेळचे चित्रकार हे जाणून होते. ते आपले काम टीव्हीवर लावून तपासत. सेगाच्या 'सॉनिक' या खेळात एक धबधबा आहे. यंत्राला पारदर्शक रंग काढता येत नव्हता. म्हणून चित्रकारांनी एक उभी रेघ पाण्याची, एक रेघ मोकळी, अशा एकाआड एक रेघा काढल्या. साध्या तारेने टीव्हीला जोडले की त्या रेघा एकमेकींत मिसळत आणि पाण्यातून पलीकडचे दिसू लागे. तेच चित्र आजच्या सपाट पडद्यावर आणा. पाणी गेले, खिडकीचे गज उरले! आपण म्हणतो, 'किती ढोबळ काढत होते बिचारे!' ढोबळपणा त्यांचा नव्हता. त्यांच्या कामातला अर्धा भाग टीव्ही पुरा करत होता, आणि तो टीव्हीच आपण काढून घेतला आहे.

हे पुस्तकी ज्ञान म्हणून मला थोडेफार ठाऊक होते. पण डोळ्यांनी पाहिले ते मागच्या दिवाळीत. मुलगा सहकुटुंब आला होता. माळ्यावर एकवीस इंची जुना संच आणि तो डबा, दोन्ही जुन्या चादरीत बांधलेले सापडले. महाल भागात पिक्चर ट्यूबची कामे जाणणारे एक जुने मेकॅनिक अजून आहेत. मुलगा संच त्यांच्याकडे घेऊन गेला. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, 'ट्यूब एकदम ठणठणीत आहे, बाई. कंडेन्सर गेले होते, बदलवून टाकले.' (इथे एक सूचना केलीच पाहिजे. ट्यूबचा संच बंद केल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. हौस म्हणून घरी कोणी उघडू नये.)

मग बैठकीत एका बाजूला हा संच आणि दुसऱ्या बाजूला मुलाचा लॅपटॉप, दोन्हींवर तोच खेळ, असे आम्ही लावले. मुलगा बराच वेळ नुसता पाहत बसला. नऊ वर्षांची नात लॅपटॉपवरच्या मारिओपाशी गेली, मग टीव्हीपाशी आली, पुन्हा लॅपटॉपपाशी गेली, आणि म्हणाली, 'आजी, याच्यात त्याला चेहरा आहे.' तिचे बोट टीव्हीकडे होते. लॅपटॉपवर तपकिरी आणि पिवळट चौकोनांचा एक ढीग होता. टीव्हीवर त्याच ठिपक्यांचे नाक झाले होते, मिशी झाली होती. तिला नव्वदचे दशक ठाऊक नाही, तिच्या मनात कसली हुरहूर असण्याचे कारण नाही. तिने जे दिसले ते सांगितले.

आता यावर उपाय शोधणारी मंडळी जगभर आहेत. सपाट पडद्यावर ट्यूबचे रूप उभे करायचे गणित ती लिहितात. आडव्या काळ्या रेघा आणायच्या, कडा विरघळवायच्या, उजेड पसरवायचा. २०१६ साली निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्राची तळहाताएवढी आवृत्ती तीस खेळ भरून काढली, तेव्हा तिच्यात रूपाचे तीन पर्याय दिले होते : एक जुन्या टीव्हीचे, एक चारास तीन चौकटीचे, आणि एक काटेकोर चौकोनांचे. हे काम वाटते तितके सोपे नाही. पडद्याला १०८० ओळी असतील, तर जुन्या २४० पैकी प्रत्येक ओळीच्या वाट्याला साडेचार येतात. साडेचार ओळी कशा काढणार? मग काही रेघा जाड, काही बारीक, आणि चित्र घाटाच्या रस्त्यासारखे होते. नव्या मोठ्या पडद्यांना २१६० ओळी असतात. आता प्रत्येक जुन्या ओळीला बरोबर नऊ मिळतात : मधल्या उजळ, कडेच्या मंद, शेवटची जवळजवळ काळी. म्हणजे जुना उजेड नीट उतरवायला इतका बारीक पडदा लागला.

पण रंगांचे काय? इथे तर खरी पंचाईत आहे. त्या यंत्रात 'आकाशी' असा रंग आजच्या संगणकासारखा आकड्यात लिहिलेला नव्हताच. ते यंत्र थेट विद्युतलहर बाहेर टाकायचे, आणि त्या लहरीचा रंग काय समजायचा ते समोरचा टीव्ही ठरवायचा. म्हणून मारिओच्या आकाशाचा नेमका निळा कोणता, यावर आजही एकमत नाही. कोणाला तो स्वच्छ निळा आठवतो, कोणाला जांभळट. दोघेही खरे. त्यांचे टीव्ही वेगळे होते.

इथेच आपला, म्हणजे भारतातल्या घरांचा, प्रश्न उभा राहतो. जपान-अमेरिकेतले टीव्ही ५२५ ओळींचे आणि सेकंदाला साठ वेळा चित्र भरणारे. आपले दूरदर्शन ६२५ ओळींचे आणि पन्नास वेळा भरणारे. रंग ओळखायची रीतही निराळी. आपल्याकडे आलेल्या नकलांपैकी ज्या या पन्नासाला जुळवलेल्या होत्या, त्यांवर खेळाचे संगीत मूळ चालीपेक्षा सहाव्या हिश्शाने संथ वाजायचे. आमच्या मुलांच्या कानात बसलेली मारिओची चाल ती संथ चाल होती. वर आपले घरगुती संस्कार वेगळेच. पैसे देऊन रंगीत टीव्ही घेतला आहे ना, मग रंगाचे बटण शेवटपर्यंत पिळून ठेवायचे! ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल, ज्याच्या घरी जो संच असेल त्याच्या काचेचा आणि रंगाचा स्वभाव त्या खेळाला लागायचा.

जुन्या रूपाची जी गणिते आज सहज मिळतात, ती बहुतेक जपानी आणि अमेरिकी संचांवरून बेतलेली आहेत. ती लिहिणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी आपापल्या घरातला टीव्ही समोर ठेवला. आपला टीव्ही आपण कोणी समोर ठेवलाच नाही. परिणाम असा, की नागपूरच्या माणसाची आठवण आज ओहायोच्या किंवा ओसाकाच्या काचेतून त्याला परत मिळते आणि तीच आपली म्हणून तो जवळ धरतो. आपल्या यंत्रांना मूळ कंपनीची मान्यता नव्हती, ती नकला होत्या, म्हणून त्यांची नोंद कुठे ठेवायची कोणाला गरज वाटली नाही. पण लाखो मुलांनी पाहिले ते तेच. नकलेचीसुद्धा सत्यप्रत लागते, असे माझे बँकेतले मन मला सांगते.

दुसरी गोष्ट मर्यादेची. जुन्या चित्रांची शोभा चौकोनांत नव्हती, ती अडचणीतून काढलेल्या वाटेत होती. मारिओला टोपी का? शिगेरू मियामोतो यांना एवढ्याशा ठिपक्यांत केस काढता येईनात. मिशी का? नाक आणि तोंड वेगळे दिसेना. मारिओच्या खेळात ढग आणि झुडुपे यांचा ठसा एकच आहे, वर पांढरा, खाली हिरवा. माहीत झाल्यावरच लक्षात येते.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. ठिपक्यांची रांगोळी घालणारी बाई पंधराला आठपर्यंत मोजून ठिपके देते, आणि मग त्या बंधनातून कमळ काढते. ठिपके मोडून कमळ काढले तर तिच्या सासूने ते मोजून दाखवले असते! पैठणीच्या पदरावरचा मोर धागे मोजून विणतात. जवळून पाहा, त्याच्या मानेची वळणदार रेघ प्रत्यक्षात बारीक पायऱ्या आहेत. हातभर लांबून ती मान होते. पण पैठणीचा मोर पायऱ्यापायऱ्यांचा दिसावा म्हणून कोणी विणकर पायऱ्या मोठ्या करत नाही. त्याची सगळी धडपड पायरी लपवण्याकडे असते. जुन्या खेळांच्या चित्रकाराची धडपडही तीच होती. आणि आपण त्याला मानवंदना द्यायची म्हणून त्याने आयुष्यभर जे लपवले तेच मोठे करून टी-शर्टवर छापतो.

मग नव्या मुलांनी काय करावे? माझ्या मते दोन प्रामाणिक वाटा आहेत. एक, बंधने खरोखर पाळावीत. 'मेगा मॅन ९' हा खेळ कॅपकॉम कंपनीने २००८ साली जुन्या रूपात काढला, तेव्हा हवे असेल त्याला ते जुने लुकलुकणेसुद्धा चालू करता येईल अशी सोय ठेवली. उणीव हीसुद्धा त्या रूपाचा भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते. दुसरी वाट, बंधने मोडावीत, पण सांगून. 'शव्हल नाइट' हा २०१४ सालचा गाजलेला खेळ जुन्या निन्टेन्डोसारखा दिसतो. पडदा मात्र त्याने रुंद घेतला, मूळ यंत्रात नसलेले थोडे रंग घेतले, आणि लुकलुकणे टाळले. कुठे नियम पाळला आणि कुठे मोडला, ते त्याच्या कर्त्यांनी लेख लिहून मांडले. ताळेबंदाखाली टिपा देतात तसे. असा ताळेबंद मी डोळे मिटून पास करीन. माझे भांडण आहे ते टिपा न देणाऱ्यांशी. नुसते चौकोन मांडायचे आणि वर 'अस्सल नव्वदचे' अशी पाटी लावायची.

चौकोनांची म्हणून एक नवी चित्रकला उभी राहिली आहे, तिला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट सांगते. काही तरुण त्यात फार सुंदर कामे करतात. ती आजची कला आहे, आजच्या धारदार पडद्यासाठी काढलेली. तिने स्वतःच्या नावाने जगावे. मागच्या पिढीचा दाखला तिला लागत नाही.

'पण आजी, धूसर दिसणं चांगलं कसं?' हा प्रश्न मला घरातच विचारला गेला आहे. धूसर चांगले असे मी म्हणत नाही. जुना चष्मा घालून कोणी जग पाहू नये. पण जे चित्र त्या काचेसाठी काढले, ते त्या काचेतून एकदा तरी पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल मत देऊ नये, एवढेच.

आणि काही गोष्टी कितीही गणिते लिहिली तरी सपाट पडद्यावर येत नाहीत. ती बदके मारायची बंदूक आठवते? पोरांना वाटायचे, बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीला लागते. खरे उलटे होते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, आणि पुढच्या क्षणी बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन उजळायचा. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारे एक भिंग-यंत्र होते. त्याला तो उजेड दिसला, तर नेम लागला. हे सारे ट्यूबच्या त्या झोताच्या तत्परतेवर चालायचे. सपाट पडदा चित्र दाखवण्याआधी थोडा विचार करतो, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. त्याच्यासमोर ती बंदूक मुकी आहे. रूपाची नक्कल होईल, या झोताची होत नाही. त्यासाठी ट्यूबच लागते.

आणि ट्यूबा तर भंगारात चालल्या आहेत. मराठवाड्यात पैठण तालुक्यातल्या चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. जिथली पैठणी, तिथलाच टीव्ही! ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुने संच आज भंगारवाल्याला द्यायचे म्हटले तरी तो नाक मुरडतो, कारण त्या काचेत शिसे असते आणि तिची विल्हेवाट सोपी नाही. ते संच नीट रीतीने मोडीत जायलाच हवेत, याबद्दल दुमत नाही. पण सगळेच? पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरोघरच्या वस्तू जमवल्या तेव्हा त्याही लोकांच्या लेखी अडगळच होत्या. आज ते संग्रहालय पाहायला आपण तिकीट काढतो. अडकित्ता निदान माळ्यावर शंभर वर्षे पडून राहिला तरी अडकित्ताच राहतो. टीव्हीचे तसे नाही. त्याचे कंडेन्सर वाळतात, आणि तो दुरुस्त करणारे हातही म्हातारे होतात. महालातल्या त्या मेकॅनिकच्या हाताखाली आज कोणी शिकाऊ नाही.

म्हणून एक साधी सूचना करते. आपल्या नागपुरात रामन विज्ञान केंद्र आहे, १९९२ पासून. म्हणजे ते या टीव्ही गेमच्याच वयाचे! तिथे एक कोपरा असावा. एक चालू स्थितीतला ट्यूबचा संच, शेजारी एक सपाट पडदा, दोन्हींवर एकच खेळ, आणि एक ती बंदूक. खाली चार ओळी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. झोत म्हणजे काय, ओळ म्हणजे काय, आणि आपली आठवण कोणत्या काचेतून आली आहे. व्हीएनआयटीच्या किंवा एखाद्या पॉलिटेक्निकच्या मुलांनी शहरातल्या दहा-वीस जुन्या संचांवर खेळाचे चित्र लावून त्याचे रंग, त्याचा वेग, त्याच्या ओळी मोजून नोंदवाव्यात. म्हणजे पुढे ज्याला जुने रूप उभे करायचे आहे, त्याच्यासमोर एक मूळ कागद असेल. आणि दुरुस्तीसाठी त्या म्हाताऱ्या मेकॅनिक मंडळींना सन्मानाने बोलवावे, मानधन द्यावे, दोन मुलांना त्यांच्याकडे शिकायला बसवावे. खर्च म्हणाल तर एखाद्या चौकातल्या कारंज्याहून कमीच येईल.

तोवर तुमच्या माळ्यावर असा एखादा संच असेल, तर तो देऊन टाकण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. चालू झालाच, तर घरातल्या लहानांना समोर बसवा. त्यांना काही समजावून सांगू नका. त्यांना काय दिसते, ते विचारा.